एकाच कादंबरीवर पन्नास वर्षे: एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ब्रिटिश चित्रकार टॉम फिलिप्स यांच्यावरील माझ्या लेखाबाबत आपला आक्षेप असा, की दुसऱ्याच्या कादंबरीची पाने रंगवून उरलेल्या शब्दांना आपली कविता म्हणणे ही उसनवारी आहे, आणि त्याच पुस्तकात पन्नास वर्षे घालवणे हे कल्पना आटल्याचे लक्षण आहे.

उसनवारी तर आहेच. फिलिप्स यांनी ती कधी लपवली नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये तीन पेन्सांत मिळेल ते पहिले पुस्तक घ्यायचे, असे त्यांनी ठरवले आणि हाती आली इंग्रज लेखक डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची 'अ ह्यूमन डॉक्युमेंट' ही कादंबरी. पानावरचा बहुतेक मजकूर शाईने किंवा रंगाने झाकायचा, निवडक शब्द उघडे ठेवायचे आणि छपाईत शब्दांमध्ये सुटलेल्या कोऱ्या जागांतून वाट काढत ते एकमेकांना जोडायचे, अशी त्यांची रीत. शब्द जागचा हलवता येत नाही. त्यामुळे वाक्य कुठे वळणार हे जुन्या पानाची मांडणी ठरवते आणि चित्राला त्या वळणाभोवतीच आकार घ्यावा लागतो. फिलिप्स यांचा नायक बिल टोज (Toge) तर मॅलॉक यांच्या कादंबरीत नाहीच. 'टुगेदर' (together) किंवा 'ऑल्टुगेदर' (altogether) हे शब्द ज्या पानावर असतील तिथेच त्याने यायचे, कारण त्याचे आडनाव त्यांच्याच अक्षरांतून काढलेले आहे. आपल्याच नायकाला हवे तेव्हा बोलावण्याची मुभाही ज्याने स्वतःला ठेवली नाही, त्याच्या कामाला नुसती रंगरंगोटी कसे म्हणावे?

कल्पना आटल्याचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. 'अ ह्युमुमेंट' या नावाने निघालेल्या या पुस्तकाची सहावी आणि अखेरची आवृत्ती २०१६ मध्ये आली, तोवर १९८० च्या आवृत्तीतले प्रत्येक पान त्यांनी नव्याने केले होते. दरम्यान इटालियन कवी दान्तेच्या 'इन्फर्नो'चे भाषांतर आणि त्याची चित्रे, कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांचे व्यक्तिचित्र, १९७३ पासून दरवर्षी त्याच त्या ठिकाणांची छायाचित्रे, आणि मॅलॉक यांच्याच शब्दांतून रचलेला 'इर्मा' हा ऑपेरा, हेही चालूच होते.

नंतरच्या काही पानांत सजावट शब्दांवर कुरघोडी करते, हे आपले निरीक्षण मात्र मला मान्य आहे. सुरुवातीच्या, केवळ शाईच्या रेघांनी झाकलेल्या पानांत वाक्य अधिक ठसठशीत दिसते, आणि मला स्वतःला तीच पाने अधिक आवडतात.