जावयांनी वसवलेली ‘भावकीची’ गावं

घरोघरच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: कोरियात हजारो वर्षांपासून पितरांचं कार्य थोरला मुलगाच करतो, मुलीला माहेरच्या इस्टेटीत वाटा नाही, एका आडनावाची भावकी बापजाद्यांपासून एकाच गावात नांदते, म्हणून तिथली घरं टिकली.

आधी ते ‘हजारो वर्षं’ बघू. कोरियातल्या तेव्हाच्या जोसन राज्याची ‘क्योंगुक देजोन’ ही कायदेसंहिता १४८५ मध्ये लागू झाली. तिच्यात औरस मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. पितरांचं कार्य चालवणाऱ्याला तेवढा एक पंचमांश जास्त. हे कार्य, म्हणजे ‘जेसा’, भावंडांत पाळीनं व्हायचं आणि लेकींच्या घरीही पाळी यायची. बुआनच्या किम घराण्याचा १६६९ चा दस्त आहे. यापुढे लेकींकडे पाळी नको आणि त्यांना वाटा एक तृतीयांशच, असं त्यात लिहिलंय. मुळात वाटा नसता तर तो कमी करायला कागद कशाला लागला असता? थोरल्याची सद्दी पक्की होत गेली ती सतराव्या शतकापासून.

भावकीच्या गावाची गोष्ट तर आणखी गमतीची. ग्योंगजूजवळचं यांगदोंग हे अशा गावांचा नमुना. २०१० पासून जागतिक वारसा. तिथं सोन आणि यी ही दोन घराणी. पण पंधराव्या शतकात सोन सो तिथं आला तो सासुरवाडीला. पुढे यी बोननं त्याच्या मुलीशी लग्न केलं आणि तोही तिथलाच झाला. त्याचा मुलगा यी ओनजोक, मोठा कन्फ्यूशियन पंडित, आजोळी जन्मला. आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून चिडवतात, त्यानं इथं गाव वसवलं!

संदेशात खरं काहीच नाही असं नाही. अलीकडच्या काळात घरातल्या मागच्या चार पिढ्यांचं कार्य बहुतेक थोरल्याकडेच असायचं. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायकांनाही कुळाच्या मंडळाचं सभासद मानलं. वारसांत एकमत नसेल तर मुलगा-मुलगी न पाहता वयानं मोठं अपत्य कार्याचा मान घेईल, असं २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं ठरवलं.

‘घरं टिकली’ म्हणणाऱ्यांनी चुसोकच्या, म्हणजे पितरांना पान वाढायच्या सुगीच्या सणाच्या, आदल्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावावं. नमस्कार पुरुषांचे, घाणा सुनांचा. शेवटी २०२२ मध्ये कन्फ्यूशियन परंपरेच्या सोंगग्युनग्वान संस्थेलाच सांगावं लागलं, की पितरांच्या पानावर तळण लागत नाही.