पियानोच्या पट्ट्यांवर स्टिकर चिकटवू नका

घरात लहान मुलासाठी पियानो किंवा कीबोर्ड आला की बहुतेकदा पहिल्याच दिवशी पट्ट्यांवर सी, डी, ई, एफ अशा स्वरांच्या इंग्रजी नावांचे रंगीत स्टिकर लागतात. पोराला सोपं जावं, एवढीच त्यामागची इच्छा असते. पण मी लहान मुलांना पियानो शिकवते आणि स्टिकरवर शिकलेलं मूल मला दोन मिनिटांत ओळखू येतं. ते पट्टी शोधत नाही, अक्षर शोधतं. बिनस्टिकरच्या पियानोसमोर बसवलं की कालपर्यंत घडाघडा वाजणारी धून त्याला सुरूच करता येत नाही.

खरं तर पियानोवर खुणा आधीपासूनच आहेत. एकूण 88 पट्ट्या, त्यातल्या 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. काळ्या पट्ट्या कधी दोनच्या जोडीत, कधी तिघींच्या घोळक्यात. दोनच्या जोडीला डावीकडून लागून असलेली पांढरी पट्टी सी, तिघींना डावीकडून लागून असलेली एफ. एवढं कळलं की बाकीच्या पट्ट्या आपोआप सापडतात. म्हणून पहिले काही दिवस मुलाला फक्त जोड्या शोधायला लावा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, नुसतं चाचपून. पूर्ण आकाराच्या पियानोवर अगदी डाव्या टोकाला एक काळी पट्टी एकटीच आहे. ती ज्या मुलाला स्वतःहून सापडते त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो! स्टिकर आधीच लावले असतील तर सगळे एकदम ओरबाडू नका. फक्त सी वरचे राहू द्या, आठवडाभराने तेही काढा.

आता वाजवायला सुरुवात कुठून करायची? माझं मत ठाम आहे: काळ्या पट्ट्यांवरून. जोडीतल्या दोन आणि घोळक्यातल्या तीन अशा पाचही काळ्या पट्ट्यांमध्ये एकमेकींना अगदी खेटून असलेले दोन स्वर नाहीत, त्यामुळे मूल त्यावर काहीही वाजवो, कानाला बोचत नाही. तुम्ही त्याच्या डावीकडे बसा. खालच्या सप्तकात तिघींमधली पहिली पट्टी आणि तिच्या उजवीकडच्या जोडीतली पहिली, अशा दोन पट्ट्या संथ लयीत एकत्र धरत राहा. वर मुलाला हवं ते वाजवू द्या. पियानोला हात न लावलेलं पोरही पहिल्याच बैठकीत तुमच्यासोबत संगीत करतं. नोटेशनच्या, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर वाचण्याच्या पहिल्या धड्यातून हा आनंद मिळायला कित्येक आठवडे लागतात.

हे लाड नव्हेत, हाताच्या रचनेलाही ते धरून आहे. पियानोवादक आणि संगीतकार शोपँ पॅरिसमध्ये शिकवायचा तेव्हा विद्यार्थ्याचा हात आधी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पाच पट्ट्यांवर ठेवून घ्यायचा (शार्प म्हणजे त्या पांढऱ्या पट्टीला उजवीकडून लागून असलेली काळी). लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. हात आपसूक गोल राहतो. सी पासून सलग पाच पांढऱ्या पट्ट्या दिसायला सोप्या आहेत, हाताला मात्र त्या तितक्या सोप्या नाहीत.

बोटांचे आकडे लवकर शिकवा: दोन्ही हातांचा अंगठा 1, करंगळी 5. आणि कृपा करून अनामिकेवरून मुलाला रागावू नका. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि आता अनामिका उचलून बघा. उचलत नाही ना? तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात. जे मोठ्यांना जमत नाही त्यासाठी पाच वर्षांच्या मुलाला ‘नीट उचल’ म्हणून दटावणं अन्याय आहे.

बसण्याकडे मात्र काटेकोर लक्ष द्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल इतकी बैठक उंच हवी. पाय लोंबकळत असतील तर खाली भक्कम खोकं ठेवा, कारण पायाला आधार नसला की मूल खांदे आवळतं. कीबोर्ड घेणार असाल तर 61 पट्ट्यांचा सुरुवातीला चालेल, पण पट्ट्या पूर्ण रुंदीच्या आणि टच सेन्सिटिव्ह हव्यात. हळू दाबलं काय नि जोरात दाबलं काय, आवाज एकच येत असेल तर हाताचं ऐकणं कान शिकणार कसा?

‘मग नोटेशन कधी?’ हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात, आणि सोबत थोर जर्मन संगीतकार बाखचा दाखला देतात. बाखने 1720 मध्ये थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी वही सुरू केली, तिच्या सुरुवातीलाच क्लेफ (कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते सांगणारी चिन्हं) आणि स्वरांची नावं आहेत. बरोबर आहे. पण तो मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि जन्मापासून संगीताच्या घरात वाढला होता. त्याचे कान आधीच तयार होते. विसाव्या शतकात जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांनी हाच क्रम लहान मुलांसाठी उघडपणे मांडला: मूल मातृभाषा आधी ऐकून बोलतं, वाचायला नंतर शिकतं, संगीतही तसंच. मला हे शंभर टक्के पटतं. मुलाला एखादी ओळ गाता येते, टाळ्यांवर लय धरता येते, धून ऐकून पट्ट्यांवर शोधता येते, तेव्हा नोटेशनच्या पाच रेषा समोर ठेवा. तेव्हाही अक्षरं पाठ करून घेऊ नका. ट्रेबल क्लेफचं, म्हणजे वरच्या स्वरांच्या चिन्हाचं वेटोळं ज्या रेषेभोवती फिरतं ती जी, एवढी एक खूण द्या आणि तिथून स्वर वर गेला की खाली, शेजारी गेला की उडी मारून, हे बघायला शिकवा.

सरावाला रोज दहा मिनिटं पुरतात, पण त्या दहा मिनिटांत फोन बाजूला ठेवून शेजारी बसा. दुसऱ्या खोलीतून ‘चुकलं!’ असं ओरडणं सगळ्यात वाईट. मुलाला ओळ पुरी करू द्या, मग तीच ओळ तुम्ही गाऊन दाखवा. बहुतेक वेळा चूक त्याची त्यालाच ऐकू येते. नाही आली तर उद्या पुन्हा गा.

पियानो येत नसलेल्या आईबाबांनाही इथपर्यंत सगळं जमतं. दोन्ही हात वेगवेगळं वाजवू लागले, अंगठा बोटांखालून घ्यायची वेळ आली किंवा मनगट ताठ दिसू लागलं, की मात्र शिक्षक गाठा. ताठ मनगटाची सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. शिक्षक निवडताना पहिल्या भेटीत एकच बघा: ते मुलाला आधी ऐकायला लावतात, की थेट पुस्तक उघडतात.