मनमोकळेपणाने लिहा (कमाल ५०० अक्षरे)

अप्रेझलची पत्रं वाटून झाली, की आमच्याकडे कर्मचारी समाधान सर्वेक्षण येतं. हा मुहूर्त कोण काढतं कोण जाणे. पगारवाढीचा आकडा कळल्यावर माणूस खुशीत असतो, असा त्यांचा समज असावा.

सर्वेक्षण पूर्णपणे गोपनीय असतं. पहिल्या पानावर तसं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. दुसऱ्या पानावर ठिकाण, विभाग, वयोगट, लिंग आणि कंपनीतली वर्षं विचारतात. पुणे, टेस्टिंग, चाळिशी उलटलेला, पुरुष, दहा वर्षांहून जास्त नोकरी. एवढं भरलं, की आमच्या अख्ख्या मजल्यावर एकच माणूस उरतो आणि तो मी असतो. शिवाय चार दिवसांनी मेल येते, ‘आपण अद्याप सर्वेक्षण भरलेले नाही.’ पाठोपाठ मॅनेजरचा निरोप : ‘भरून टाक रे, डॅशबोर्डवर आपली टीम लाल दिसतेय.’

पहिला प्रश्न : या कंपनीत तुम्हाला काय आवडतं? पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं हाच मुळात जुलूम आहे. ‘बरं आहे’ ही आमच्याकडची स्तुतीची कमाल मर्यादा. तरी प्रामाणिकपणे विचार केला तर मला कंपनीचा मेडिक्लेम आवडतो. त्यात आईवडील बसतात.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीनं ‘कॅश की कॅशलेस?’ एवढंच विचारलं होतं. आईनं ते मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘कॅशलेस. मुलाच्या कंपनीचं आहे.’ मी काय काम करतो हे तिला आजतागायत समजलेलं नाही; पण त्या दिवसापासून मी काहीतरी महत्त्वाचं करतो याबद्दल तिची खात्री पटलीय. मंजुरी यायला दुपार झाली. तोवर डोळ्यांत थेंब घालून बसवलेल्या शेजारच्या दोन आज्यांना माझ्या कंपनीची सविस्तर माहिती मिळाली होती. बिल आलं तेव्हा विमा कंपनीनं हातमोजे, कापूस आणि पट्टी यांचे पैसे नाकारले होते. आईनं मावशीला फोनवर सांगितलं, ‘कापूस सोडून सगळं कंपनीनं दिलं गं!’ या वाक्यापुढे साहेबांच्या भाषणांच्या कितीही टाउन हॉल सभा ओवाळून टाकाव्यात.

बाबांचं मात्र कंपनीबद्दल मत चांगलं नाही. ते बँकेत होते. त्यांच्या बँकेत साहेब नावाची व्यक्ती होती, तिला केबिन होती आणि केबिनला दार होतं.

‘तुझा साहेब कोण?’ असं त्यांनी एकदा विचारलं.

‘एक बेंगळुरूला बसतो, एक डब्लिनला. डब्लिनवाला डॉटेड लाइननं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तो काम सांगू शकतो, पण पगार वाढवू शकत नाही.’

‘आणि बेंगळुरूवाला?’

‘तोही नाही वाढवू शकत.’

‘मग रजेचा अर्ज कुणाला देतोस?’

‘पोर्टलला.’

बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘पोर्टलला मराठी येतं का?’ हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला.

पगाराच्या बाबतीतही त्यांचं-माझं जमत नाही. ऑफर लेटरवरची सीटीसी, म्हणजे मी कंपनीला वर्षाला पडतो तो एकूण खर्च, त्यांनी नातेवाइकांत जाहीर केली आणि पहिली पगार-स्लिप बघून ‘बाकीचे कुठे गेले?’ असं मलाच दरडावून विचारलं. मग त्यांना समजावलं, की यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला १२ टक्क्यांचा वाटा धरलाय, नोकरी सोडताना मिळणारी जी ग्रॅच्युइटी अजून हातात नाही तीही धरलीय आणि कामगिरीवर ठरणारा जो व्हेरिएबल कधीच पूर्ण मिळत नाही तो पूर्ण धरलाय. व्यवसाय कर तेवढा त्यांना ठाऊक होता : दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षातला सगळ्यात आखूड महिना आणि त्यातच शंभर रुपये जास्त. सरकारला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी आपली फेब्रुवारीची स्लिप काढून बघावी.

ग्रॅच्युइटी ही मात्र खरी बेडी. १९७२च्या कायद्यापासून चालत आलेला हिशोब आहे : शेवटचा मूळ पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं, आणि पाच वर्षं भरल्याशिवाय हातात काही नाही. त्यामुळे साडेतीन वर्षं झालेला माणूस राजीनाम्याच्या गोष्टी फार जोरात करतो आणि साडेचार झालेला एकदम आध्यात्मिक होतो. साहेब काहीही बोलला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

काय आवडत नाही, हा दुसरा प्रश्न. इथे मजकुराची टंचाई नव्हती.

मी राहतो कोथरूडला, कंपनी हिंजवडी फेज थ्रीला. गुगल मॅपवर हे अंतर बघून माझ्या नागपूरच्या मेव्हण्यानं ‘जवळच आहे की’ म्हटलं होतं. त्याच्याशी मी त्यानंतर फारसा बोललेलो नाही. बसमध्ये माझी सकाळची झोप, दोन स्टँडअप कॉल आणि अधूनमधून नाश्ताही होतो. शिवाजीनगरपर्यंतच्या मेट्रोचं भूमिपूजन २०१८च्या डिसेंबरात झालं, तेव्हा बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे त्याच मेट्रोच्या बांधकामानं रस्ता अरुंद केला आणि टाळ्या वाजवणारे कोण, यावर बसमध्ये एकमत होईना.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात मध्यरात्री स्फोटानं पाडायचं ठरलं होतं, आठवतंय? सगळं पुणे टीव्हीसमोर जागं होतं, स्फोट झाला, धूळ बसली आणि पूल बराचसा होता तिथेच. उरलेला मशिनं लावून पाडावा लागला. आमच्या टीममधले सगळ्यात ज्येष्ठ सहकारी त्या पुलासारखे आहेत. रिऑर्ग म्हणजे फेररचना होते, तक्त्यातले चौकोन इकडचे तिकडे होतात, सगळ्या विभागाचं नाव बदलतं. धूळ बसल्यावर बघावं तर हे खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत, डब्यातली थालीपीठं मोजताहेत.

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे ठरावीक लोकांनाच वरचा शेरा देऊ देणाऱ्या आलेखाबद्दल, वेगळं काय सांगायचं? ‘तुझं काम उत्तमच आहे, पण कर्व्हमध्ये बसवताना खाली आलं,’ हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही त्याची नोकरी अजून कच्ची आहे. कँटीनच्या मिसळीबद्दलही न बोललेलंच बरं. ती गोड असते आणि वर चीज असतं.

सर्वेक्षणाच्या शेवटी एक मोठी रिकामी चौकट होती : ‘मनमोकळेपणाने लिहा.’ कमाल मर्यादा ५०० अक्षरं. आता पंचाईत अशी, की इंग्रजीत मी फार सोशिक होतो. तोंडाला फेस आलेला असला तरी हातून ‘काही बाबतींत सुधारणेला वाव आहे’ असंच उतरतं. हा विषय गेटबाहेरच्या टपरीवर निघाला, कारण आमची खरी सर्वेक्षणं तिथेच होतात. थालीपीठवाले सहकारी कटिंग फुंकत म्हणाले, ‘मराठीत लिहा की. बेंगळुरूला कोण वाचणारे?’

त्या संध्याकाळी आमचा मजला कधी नव्हे इतका तल्लीन होऊन टाइप करत होता. मीही लिहिलं. शुक्रवारी पाचनंतर मीटिंग लावणाऱ्याला फेज थ्रीहून कोथरूडपर्यंत बसमध्ये उभं करून न्यावं, असं लिहिलं. डब्लिनच्या डॉटेड लाइनविषयी लिहिलं. मिसळीविषयी जरा जास्तच लिहिलं गेलं. आईच्या डोळ्याबद्दल आभार मानायला सुरुवात केली, तोवर अक्षरं संपली. बटण दाबलं आणि इतका हलका झालो, की वाकडच्या पुलाखालचं ट्रॅफिकसुद्धा जाणवलं नाही.

निकाल टाउन हॉलमध्ये लागला. पडद्यावर डब्लिनचे साहेब प्रसन्न दिसत होते. पुणे केंद्राच्या मोकळ्या उत्तरांनी आपण भारावून गेलो आहोत, असं ते म्हणाले. मग नमुन्यादाखल एक उत्तर पडद्यावर आलं : ओळीच्या ओळी, नुसती प्रश्नचिन्हं. पोर्टलला मराठी येत नव्हतं. प्रत्येक अक्षराच्या जागी त्यानं एकेक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. पुण्याच्या लोकांच्या मनात इतके प्रश्न आहेत, ही जिज्ञासा आपल्याला फार मोलाची वाटते, असं सांगून साहेबांनी त्यावर उपायही जाहीर केला. दर शुक्रवारी साडेपाचला प्रश्नोत्तरांचं खुलं सत्र. हजेरी अनिवार्य.

आमची बस सहाला सुटते.

पहिल्या सत्रात कुणी काही विचारेना. बेंगळुरूचे साहेब ‘संकोच करू नका’ म्हणून म्हणून थकले. शेवटी खिडकीजवळचे सहकारी उठून उभे राहिले आणि शुक्रवारची बस साडेसहाला करता येईल का, असं त्यांनी विचारलं.

‘फार चांगला प्रश्न आहे,’ साहेब म्हणाले. ‘पोर्टलवर टाका.’