माणसं कमी म्हणून बांधायचं? तासगावच्या ब्रदरांना उत्तर

पेशंटला बांधून ठेवण्याबद्दलच्या मागच्या लेखावर तासगावहून एका ब्रदरांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ते एका खाजगी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नाईट करतात. पेशंट अठ्ठावीस, ते एकटे, जोडीला एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. बाइकवरून पडून मांडी मोडलेला एक पेशंट तिसऱ्या रात्री बिथरला, सलाईन उपटलं, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून ओरडू लागला. त्यांनी बँडेजने त्याचे दोन्ही हात पलंगाला बांधले. "सकाळपर्यंत गडी शांत झाला. तुम्ही काय केलं असतं?" असं ते विचारतात. पुढे म्हणतात, मनोरुग्णांची नर्सिंग म्हणजे पहारा, इंजेक्शन आणि दोरी. त्यात शिकायचं काय, आणि जे सुधारलं ते डॉक्टरांनी सुधारलं. शेवटी एक प्रश्न आहे: नोंद ठेवायची तर कशात आणि कशी?

ब्रदर, माणसं कमी आहेत हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मला उलटा वाटतो. माणसं कमी आहेत म्हणूनच बांधणं परवडत नाही. बांधलेल्या पेशंटला मोकळ्या पेशंटपेक्षा जास्त माणूस लागतो. त्याचा हिशेब पुढे देतो, आधी तुमचा पेशंट पाहू.

बाइकवरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरळायला लागला, तर "डोक्यावर परिणाम झाला" असं केसपेपरवर लिहिण्याआधी निदान चार शक्यता समोर यायला हव्यात. पहिली, दारू अचानक सुटल्याचा परिणाम. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, फिट आलीच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि मुंग्या-किडे दिसणं, दरदरून घाम, ताप, धडधड, आपण कुठे आहोत हे न कळणं हा प्रकार साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होतो. दुसरी, डोक्यातला रक्तस्राव. पडला त्या दिवशी शुद्धीवर होता म्हणजे डोक्याला इजा झालीच नाही, असं होत नाही. तिसरी, मोडलेल्या लांब हाडातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसात आणि मेंदूत जाणं. ही २४ ते ७२ तासांत दिसते. श्वास वाढतो, ऑक्सिजन उतरतो, काखेत-छातीवर बारीक लाल ठिपके येतात. चौथी, रक्तातली साखर कमी होणं. रोज पिणारा, यकृत खराब झालेला आणि नीट न जेवलेला माणूस असेल तर ही शक्यता अजिबात सोडायची नाही.

मुंग्यांवरून पहिलं कारण जास्त संभवतं. तरी अंदाजावर थांबायचं नाही. बोटाला ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटरवर साखर, टॉर्चने डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या, नाडी, बीपी, ताप, श्वास: एकट्या माणसाचं पाच मिनिटांचं काम. एक बाहुली मोठी दिसली, ऑक्सिजन ९०च्या खाली गेला किंवा साखर ७०च्या खाली आली, तर डॉक्टरांना त्याच क्षणी उठवायचं. हात बांधूनही हे सगळं करता येतं, पण बांधल्यावर सहसा कोणी करत नाही. आरडाओरडा थांबला की पेशंट बरा झाल्यासारखा वाटतो. सकाळी तो शांत होता म्हणता, पण कशाने? झोप लागली, दमला, की शुद्ध हरपत चालली होती? हाक मारल्यावर डोळे उघडून स्वतःचं नाव सांगत होता का, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. आणि खरी माहिती तिथेच होती.

आता मूळ प्रश्न, मी काय केलं असतं. या पेशंटची तिसरी रात्र पहिल्या दिवशीच ओळखता आली असती. ॲडमिशनच्या वेळी "दारू पिता का?" असं वडील आणि बायको समोर असताना विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही". नातेवाईकांना औषधं आणायला पाठवावं, मग विचारावं: रोज किती क्वार्टर? देशी की हातभट्टी? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घेतल्यावर थांबतात का? पूर्वी कधी फिट आली होती का? शेवटची कधी घेतली? शेवटच्या उत्तराची तारीख आणि वेळ लाल पेनने केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहायची आणि त्यापुढे ४८ तासांची वेळ मोजून टाकायची, म्हणजे नाईटला येणाऱ्याला कुठली रात्र सांभाळायची हे आधीच कळतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडून ऑर्डर घेऊन ठेवायची. दारू सुटल्याचा त्रास आवरणारं औषध, बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि थायमिनचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन. ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन तिच्या आधी. अंगात ते शिल्लकच नसताना ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रात्री दोन वाजता फोनवरून "हॅलोपेरिडॉल (भास-भ्रमावरचं औषध) देऊन टाक" असं सांगितलं गेलं तर "दारू सुटलेला पेशंट आहे सर" एवढं वाक्य नक्की बोला. दारू सुटलेल्या माणसाला नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर फिट येण्याचा धोका वाढतो.

आणि बिथरलाच तर? सगळ्यात आधी दिवा लावा. अंधुक उजेडात भिंतीवरचा डाग मुंगी होतो. एकानेच बोलायचं, बाकी सगळे मागे. "तुम्ही दवाखान्यात आहात, मी ब्रदर आहे, पाय मोडलाय, रात्रीचे दोन वाजलेत." एवढंच, संथ, पुन्हा पुन्हा. "कुठे आहेत मुंग्या, वेड लागलंय का" हे जितकं चूक, तितकंच मुंग्या मारल्याचं नाटक करणंही चूक. "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय" असं म्हटलेलं चालतं. चष्मा असेल तर डोळ्यांवर द्या. सलाईनची गरज खरंच उरली आहे का ते डॉक्टरांना विचारा. हवंच असेल तर सुईच्या जागेवरून कोपरापर्यंत बँडेज गुंडाळा आणि नळी पाठीमागून न्या. जी नळी दिसत नाही ती बहुतेक जण ओढत नाहीत. लघवी तुंबली आहे का ते पोटावर हात ठेवून पाहा. चिडचिडीचं कारण कित्येकदा तेवढंच असतं आणि सगळे मेंदूत शोधत बसतात. घरचं एक माणूस उशाशी बसवा, हातपाय धरायला नव्हे, ओळखीचा आवाज म्हणून. एवढं करूनही पेशंट मोडक्या पायावर उभा राहायला बघतो, हे मान्य. औषध लागू पडेपर्यंतचा तो अर्धा-पाऊण तास हीच खरी कसोटी असते.

त्या वेळेपुरतं बांधावं लागलं तर ते पद्धतीने करावं लागतं, आणि तुमचं बँडेज इथे सर्वांत वाईट साधन आहे. ओढलं की त्याची दोरी होते आणि मनगटात रुतते. पाच-सात सेंटीमीटर रुंद, आत कापूस किंवा फोम असलेला मऊ पट्टा वापरायचा, मनगट आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जायला हवीत. गाठ निरगाठ नको, एका ओढीत सुटणारी सुरगाठ, आणि तीही पेशंटचा हात पोचणार नाही अशी. पट्टा पलंगाच्या फ्रेमला बांधायचा, कठड्याला नाही. कोणी कठडा खाली केला की खांदा निखळू शकतो. छातीवरून चादर आवळणं बंद करा, पेशंट खाली सरकला की ती गळ्याशी येते. पालथं तर कधीच नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर कोणी गुडघा ठेवला तर श्वास कोंडून मृत्यू होऊ शकतो, आणि "झटापटीत हार्ट बंद पडलं" अशी नोंद होते. उताणा झोपवायचा तर डोकं उंच, उलटीचा धोका असेल तर कुशीवर. धरायला पाच जण लागतात: प्रत्येक हातापायाला एक, आणि डोक्याशी एक, जो बोलत राहतो आणि श्वासाकडे बघतो. तुमच्या पेशंटच्या मोडलेल्या पायाला अर्थातच पट्टा नाही.

आता हिशेब. बांधल्यानंतर दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, सूज, श्वास आणि शुद्ध पाहायची. आठ तासांच्या नाईटला हे बत्तीस वेळा झालं. दर दोन तासांनी एकेक हात आळीपाळीने सोडून हलवायचा, पाणी पाजायचं, भांडं द्यायचं. यातलं काही सुटलं तर काय होतं? माणूस पट्ट्याशी झगडत राहिला, त्यात ताप आणि पाणी कमी, की स्नायू विरघळून मूत्रपिंडं अडचणीत येतात; न हललेल्या पायात रक्ताची गुठळी होते. अठ्ठावीस पेशंटवर एक ब्रदर असताना हे बत्तीस फेरे होणार नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणजे ज्या वॉर्डात माणसं नाहीत तिथे बांधणं सर्वांत धोक्याचं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने जखडलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, हे स्पष्ट लिहिलं आहे. कलम ९५ने साखळीने जखडायला कोणत्याही स्वरूपात बंदी केली. कलम ९७नुसार एकांतकोठडी बंद, आणि बांधणं फक्त तातडीची इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही, हे त्याच कलमात आहे. हाडांचा वॉर्ड या कलमाखाली थेट येतो का, यावर वकील वाद घालतील. पेशंटच्या मनगटाला त्याने फरक पडत नाही.

डॉक्टरांनीच सुधारलं, या मुद्द्याबद्दल. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ साली साखळ्या काढल्या त्या ज्याँ-बाप्तिस्त प्यूसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते, वॉर्ड सांभाळत होते, आणि त्याआधी त्याच इस्पितळात गंडमाळेचे (मानेतल्या क्षयाच्या गाठींचे) पेशंट होते. श्रेय आणि तैलचित्रं फिलिप पिनेल या डॉक्टरांच्या वाट्याला आली. पिनेल तोवर दुसऱ्या इस्पितळात गेले होते आणि तिथे त्यांनी प्यूसाँचाच कित्ता गिरवला. प्यूसाँ परिचारकांना मारहाण करू देत नसत, आणि बऱ्या होत आलेल्या पेशंटमधून परिचारक निवडत. साखळीच्या जागी हात जखडणारी कापडी बंडी आली, हेही सांगायला हवं. १८३९ मध्ये इंग्लंडमधल्या हॅनवेलला जॉन कॉनली यांनी तीही काढली. चांगल्या परिचारकांवाचून हे टिकणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. १८८२ला अमेरिकेत मॅक्लीन इस्पितळात या कामाचं पहिलं नर्सिंग स्कूल निघालं. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरच्या औषधाचा वापर सुरू झाला, आणि त्याच वर्षी हिल्डेगार्ड पेप्लाऊ या नर्सने नर्स-पेशंट नात्याचे टप्पे मांडणारं पुस्तक काढलं. आपल्याकडे बंगळुरूला १९५६ पासून मनोरुग्ण परिचर्येचा डिप्लोमा आहे.

आणि तो डिप्लोमा नसला तरी तुम्ही बाहेरचे ठरत नाही. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे जनरल नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका असलेली आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली व्यक्तीही मानसिक आरोग्य परिचारक असते. "ते आमचं काम नाही" म्हणायची सोय त्यामुळे फारशी उरत नाही. येरवडा आणि रत्नागिरीची मनोरुग्णालयं लांब आहेत. तासगावात रात्री दोनला तुम्हीच आहात.

नोंदीचं विचारलंत. वेगळा फॉर्म नसेल तर दोनशे पानी रजिस्टर पुरतं. पेशंटचं नाव आणि बेड, बांधल्याची वेळ, त्याआधी काय काय करून पाहिलं, कोणत्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि किती वाजता, कोणता हात-पाय, कशाने. कारणाच्या रकान्यात "आक्रमक" असा शब्द नको. "सलाईन दोनदा उपटलं, कठड्यावरून पाय टाकला" असं डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. उजव्या पानावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या रेघा आधीच मारून ठेवा आणि प्रत्येक रेघेवर सही करा. न पाहिलेली वेळ मोकळी सोडा, सकाळी बसून भरू नका. घरच्यांना कधी सांगितलं ती वेळ लिहा. कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, २४ तासांत कळवायचं बंधन आहे. शेवटचा रकाना सोडल्याच्या वेळेचा, आणि त्याच ओळीत सोडतानाची शुद्ध: नाव सांगितलं का, ठिकाण सांगितलं का.