फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं?

मोबाईल पेटल्याची बातमी आली की बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपवर वाद ठरलेला. एक म्हणतो, 'चायना माल'. दुसरा म्हणतो, 'रात्रभर चार्जिंगला लावतात की!' तिसरा जुन्या साध्या फोनचे गोडवे गातो. त्याला आठवण करून द्यायला हवी: २००७ साली नोकियानं बीएल-५सी बॅटरीबाबत इशारा दिला, तेव्हा प्रश्न ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा होता. आणि तिच्यात जेमतेम ४ वॅट-तास ऊर्जा मावायची; आजच्या ५,००० एमएएचच्या बॅटरीत १९ च्या आसपास मावते.

रात्रभराचा मुद्दाही लंगडाच. धड फोन भरला की चार्जिंग स्वतः तोडतो. उशीखाली ठेवला तर उष्णता कोंडते, एवढं खरं. बॅटरीतले दोन थर एका पातळ प्लास्टिकच्या पडद्यानं वेगळे राहतात. तो १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. मग शॉर्ट, शॉर्टमुळे आणखी उष्णता, आणि पुढचं कुणाच्या हातात राहत नाही. दाबानं, वाकण्यानंही पडदा फाटतो. मागच्या खिशात फोन ठेवून बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जास्त काळजी हवी ती बॅटरी बदलताना. चार्ज २५ टक्क्यांखाली आणूनच फोन उघडावा. चिकटवलेली बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नये; कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून प्लास्टिकच्या कार्डानं सोडवावी. नव्या बॅटरीवर आयएस १६०४६ हा भारतीय सुरक्षा मानकाचा क्रमांक आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा मोठी, यावर आपल्याकडं किती भांडण! बॅटरीवरची ही बारीक पाटी मात्र कोण वाचतंय?

मी सध्या जर्मनीत असते/असतो म्हणून सांगायचं तर, इथं बॅटरी विकणाऱ्या दुकानाला जुनी बॅटरी फुकट परत घ्यावीच लागते. तरी लोक ती कचऱ्यात टाकतात आणि कचरा केंद्रांना आगी लागतात. शिवाय दुरुस्ती इतकी महाग की बरेच जण फोनच बदलतात. ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बॅटरी युरोप आता २०२७ पासून, काही सवलती ठेवून, सक्तीची करतोय. गल्लीतला मेकॅनिक ही आपली जमेची बाजू आहे, त्याला घालवून चालणार नाही.

भारतातही २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती मेकॅनिकच्या टेबलापर्यंत यायची तर तिथं सैल झाकणाचा पत्र्याचा डबा आणि कोरडी वाळू हवी. बॅटरी फुगून डिस्प्ले उचलला की फोन बंद करायचा, चार्जिंग नाही. टाचणी टोचून हवा काढायची नाही. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी, मग ती वाळूत, आणि डबा घराबाहेर, कडब्यापासून लांब. घंटागाडीत अजिबात नाही. कचरा दाबला जातो तिथंच ती पेटते.

पेटलीच तर प्लग काढून भरपूर पाणी. वाळू ज्वाळा झाकते, सेल गार करत नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. आधी दार उघडायचं आणि पोराबाळांना बाहेर काढायचं.