व्याह्यांच्या आडनावाचा उतारा

सहा महिन्यांच्या व्हिसावर पोरीकडे गेलेल्या बापाला कामं दोनच. नातवाला शाळेत सोडायचं आणि उरलेला दिवस हीटरच्या बटणाला हात न लावता काढायचा. मँचेस्टरला मी ही दोन्ही कामं निष्ठेनं करत होतो. तेवढ्यात नातवाच्या शाळेनं वंशवृक्ष करून आणायला सांगितला.

विहीणबाई मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइनहून मोठा तक्ता घेऊन आल्या. त्यावर ओकचं झाड, फांद्यांवर रिकाम्या चौकटी. डावी बाजू आमची, उजवी त्यांची. माझ्या डायरीत सात पिढ्या तयारच होत्या. वडिलांचं कार्य करायला त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा गाव आणि आडनाव सांगताच गुरुजींनी नामावळीची चोपडी उघडून दहा मिनिटांत वाचून दाखवल्या होत्या. (सातांत बाई एकही नाही. म्हणजे वानखडे बहुधा कापसासारखे शेतातच उगवत असावेत.) डावी फांदी नावांनी वाकली. उजवीकडे तीन नावं आणि एक प्रश्नचिन्ह. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, पण चहाचा कप बशीत ठेवताना आवाज झाला. मुलीकडच्यांच्या सात पिढ्या आणि मुलाकडच्यांच्या तीन!

"मी काढून देतो," मी म्हणालो.

"काहून त्या मेल्या लोकाईच्या मागं लागता?" आमच्या हिनं विचारलं. पण मी काही ऐकत नव्हतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत घरोघर फिरलेला प्रगणक. इंग्रजांची जुनी खानेसुमारी म्हणजे आपल्याच खात्याचं काम.

जावयाचं आडनाव हिगिनबॉटम. लग्नात आमच्या भावकीनं हे ऐकून तोंडाला रुमाल लावले होते. वास्तविक तिकडच्या जुन्या बोलीत बॉटम म्हणजे खोऱ्याचा तळ, सखल जागा. म्हणजे हे आपल्या नांदगावकर-पिंपळगावकरासारखंच गावाकडचं आडनाव. हे मी त्या वेळी भावकीला समजावून सांगितलं असतं, पण मीही रुमाल लावला होता.

पोरीनं जुन्या खानेसुमारीच्या वेबसाइटचे पैसे भरून लॉगिन दिलं आणि मी उलटा चालू लागलो. तिकडे नावांचे कागद शंभर वर्षं कुलूपबंद असतात. १९२१ ची खानेसुमारी उघडली जानेवारी २०२२ मध्ये. म्हणून सुरुवात तिथून. त्याच्या अलीकडचं विचारूच नका. १९३१ चे कागद १९४२ साली आगीत जळाले, आणि १९४१ ला युद्धामुळे मोजणीच झाली नाही.

१९२१ सापडलं. १९११ सापडलं आणि तिथं मी थांबलो. त्या साली कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेला कागदच जपून ठेवलाय. लग्न झालेल्या बाईसाठी त्यात तीन खास रकाने आहेत: जिवंत जन्मलेली मुलं, हयात, मृत. जावयाच्या पणजोबांच्या आईपुढे नऊ, पाच, चार असे आकडे होते. चारचा आकडा एकदा लिहून खोडून पुन्हा लिहिला होता. मी विहीणबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाल्या, "पाचच माहीत होती."

१९०१, १८९१, १८८१ भराभर. मग १८७१ ला गाडी चिखलात रुतली. कारण एक हिगिनबॉटम लिहायच्या दहा पद्धती. हिगिनबॉथम, हिकिनबॉटम, हेगिनबॉथम. मी नाकं मुरडली नाहीत. माझ्या आधारवर वानखेडे आहे, पॅनवर वानखडे, आणि विजेच्या बिलावर जे आहे त्या नावाचा माणूस अजून जन्माला यायचाय. चार दिवसांनी १८७१ मिळालं.

१८६१ मात्र नाहीच. १८५१ तर विचारातही घेऊ नका. ॲश्टन, ओल्डहॅम, मँचेस्टर या भागाचे त्या सालचे कागद पाण्यात भिजून गेले. हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं डोळे फोडून जमेल तेवढी नावं वाचून काढलीत, त्यांत आमचे व्याही नाहीत. म्हणजे एक साल जळालं, एक भिजलं, एक झालंच नाही. अस्मानी-सुलतानीनं फक्त वऱ्हाडच धरलंय असं मला उगाच वाटत होतं.

जाणकार सांगतात, साउंडेक्स वापरा, सारख्या उच्चाराची नावं आपोआप येतात. आली. तीनशे आली. एकही आपलं नाही. त्यातून शोधायचे काय, तर जॉन आणि मेरी! घरातल्या पहिल्याचं आडनाव लिहायचं आणि खाली सगळ्यांपुढे 'डिट्टो'. म्हणजे वरचं एक नाव चुकलं की अख्खं खटलं बेपत्ता. शिवाय बेरजा करणाऱ्या कारकुनांनी वयांवर पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्यात. त्यामुळे तिनाचा आठ होतो आणि रांगतं पोर शाळेत जातं.

त्या प्रगणकाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग १९९१ चा मीच आठवलो. फेब्रुवारीतलं ऊन, भिंतीवर गेरूचे नंबर, आणि ओट्यावर बसलेली म्हातारी. वय विचारलं तर म्हणते, "लिव्ह ना बाप्पा तुले वाटते तेवढं." मी सत्तर लिहिलं. पुढच्या म्हाताऱ्याचंही सत्तर. त्या गल्लीत सगळे साठ नाहीतर सत्तर. १८४१ ला तर इंग्रजांनी नियमच केला होता की पंधराच्या वरची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहा. आम्ही तेच बिननियमानं केलं. माझ्या त्या वह्या शंभर वर्षांनी कुणी उघडू नयेत, एवढीच प्रार्थना.

सुटका झाली ती विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात. बॉयलर बिघडला होता आणि त्या फोनवर मेकॅनिकला झापत होत्या. रागात त्यांचं शाळेतलं इंग्रजी गळून पडतं आणि खालची लँकेशायरची, म्हणजे त्या भागातली, बोली वर येते. त्या ओरडल्या, "मिसेस इगिनबॉटम!"

इगिनबॉटम. एच गायब.

माझी आई शाळेला शाया म्हणायची, डोळ्याला डोया. तिचं ऐकून कुणी पुण्याच्या कारकुनानं लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? आणि साउंडेक्सची गंमत अशी, की तो नावाचं पहिलं अक्षर कधी सोडत नाही. मी महिनाभर एचच्या घराची कडी वाजवत होतो आणि कुटुंब शेजारी आयच्या घरात बसलेलं. चहा तसाच टाकून मी लॅपटॉप उघडला. सव्वा मिनिटात सापडले. ॲश्टन, ७ एप्रिल १८६१. नवरा, बायको, सहा पोरं, एक भाडेकरू. बारा वर्षांच्या मुलीपुढे धंदा: पीसर.

"पीसर म्हणजे?" विहीणबाईंनी विचारलं.

हे मला वाचून माहीत होतं. गिरणीत तुटलेला धागा चालत्या यंत्रावर बोटांनी जोडायचा. दिवसभर. विहीणबाईंनी तक्त्यावर तिचं नाव स्वतः लिहिलं, चौकट नसताना, फांदीच्या बाजूला.

"पुढे काय झालं असेल त्यांचं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरला प्रश्न विचारला की उत्तर येतंच. सांगितलं, की या मोजणीनंतर पाचच दिवसांनी, १२ एप्रिलला, अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस बंद झाला, तुमच्या गिरण्या थंडावल्या, लोक सूपच्या रांगेत उभे राहिले. मग कापूस आणला हिंदुस्थानातून. मुंबईहून येणाऱ्या त्या सगळ्या मालाला इथं 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा फार, आणि सारखा तुटायचा. इथली माणसं एवढी वैतागली, की कुठल्याही रद्दी मालाला 'सुरत' म्हणायला लागली.

"सारखा तुटायचा," विहीणबाई म्हणाल्या. नजर पीसर पोरीच्या नावावर. "आणि तुम्ही कुठले म्हणालात?"

"अमरावती."

"तिथं काय पिकतं?"

आमच्या हिनं मला टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता. कापूस, मी म्हणालो.

स्वयंपाकघरात बॉयलरसुद्धा बंद होता, त्यामुळे फारच शांतता झाली. काही झालं तरी मी मुलीचा बाप. उठून उभा राहिलो, हात जोडले आणि वऱ्हाडाच्या वतीनं १८६२ सालच्या मालाची रीतसर माफी मागून टाकली. विहीणबाईंनी ती स्वीकारली. दोन बिस्किटंही पुढे केली.