‘गूगलपेक्षा महाग युरो दिले’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

युरोपहून परतल्यावर तुम्ही आमच्या परकीय चलनाच्या दुकानाला एक तारा दिलात आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. गूगलवर दिसणाऱ्या भावापेक्षा आम्ही युरो महाग दिले. पूर्ण रक्कम रोख रुपयांत घेतली नाही आणि दोन बिलं करून द्यायलाही नकार दिला. तुम्ही सगळ्या नोटाच मागत असताना फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड, गळ्यात मारलं, आणि त्याच कार्डातून पॅरिस आणि ल्युसर्नमध्ये जास्तीचे पैसे कापले गेले. ओळखीच्या माणसाकडे बिलाशिवाय स्वस्त मिळत होते, असंही शेवटी म्हटलंय. तुमच्या व्यवहाराचे आकडे मी इथे चारचौघांत मांडणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. पण हे वाचून उद्या कुणी सगळे पैसे नोटांमध्ये घेऊन, तेही बिलाशिवाय, विमानात बसेल याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी भावाचं. गूगलवर दिसतो तो बँका आपापसात कोट्यवधींचे व्यवहार करतात तेव्हाचा भाव. मार्केट यार्डातला घाऊक भाव आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा भाव यांत जो फरक असतो, तोच इथे असतो. युरोच्या नोटा बाहेरून आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, विकल्या जाईपर्यंत त्या तिजोरीत पडून राहतात आणि रोज भाव वरखाली होण्याचा धोका दुकानदाराच्या डोक्यावर असतो. कार्डात युरो भरताना यातलं बरंचसं नसतं, म्हणून कार्डाचा भाव नोटांपेक्षा कमी लागतो. त्या दिवशी आमच्या माणसाने कार्ड सुचवलं ते याच कारणाने.

भाव पारखायचा असेल तर गूगलशी पारखू नका. तीन ठिकाणी फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘मला इतके युरो हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?’ ‘झिरो कमिशन’ची पाटी असते तिथे कमिशन भावातच मिसळलेलं असतं. विमानतळावरच्या काउंटरवर तर भाव सहसा सगळ्यात वाईट मिळतो, कारण तिथे आलेल्या माणसाला दुसरीकडे जायला वेळच नसतो. जीएसटीची भीती मात्र बाळगू नका. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. २ लाख रुपयांच्या चलनावर करासाठी १,५०० रुपये मूल्य धरतात आणि त्याचे १८ टक्के म्हणजे २७० रुपये होतात.

याच्या शेजारी नेहमीचं डेबिट कार्ड ठेवून बघा. परदेशी व्यवहारावर अनेक बँका साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे भावावर वरून आकारलेलं शुल्क, घेतात, वर त्या मार्कअपवर जीएसटी. २ लाखांच्या खर्चावर ७,००० अधिक १,२६०, म्हणजे ८,२६० रुपये. एटीएमचं शुल्क वेगळंच. हा खर्च परत आल्यावर हप्त्याहप्त्याने दिसतो, म्हणून त्याचा राग कुणावर काढावा हे कळत नाही. मार्कअप न घेणारी काही कार्डं आता मिळतात. तुमच्याकडे तसं असेल तर ते जरूर वापरा, आमच्याकडून कार्डात युरो कमी भरून घ्या. क्रेडिट कार्डावर परदेशात रोख मात्र काढू नका, शुल्क लागतं ते लागतंच आणि व्याजही पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

आता रोख रुपयांचं. ५०,००० रुपयांच्या वरचं परकीय चलन घेताना पैसे चेकने, बँकेतून किंवा कार्डानेच द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका प्रवासासाठी दोनतीनदा घेतलं तरी सगळं मिळून ही मर्यादा मोजतात, म्हणून दोन बिलांची सोय नाही. नोटांनाही मर्यादा आहे: बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीइतक्याच नोटा मिळतात, बाकी कार्डात घ्यायचे. पॅन आणि पासपोर्ट मागतो तेही याच नियमांमुळे. आमचा परवाना त्यावर टिकून आहे आणि तो मी कुणासाठीही पणाला लावणार नाही.

बिलाशिवाय देणाऱ्या माणसाबद्दल मी जरा कडक बोलतो. त्याच्याकडची नोट खोटी निघाली तर तुम्ही कुणाचं दार ठोठावणार? पॅरिसमधल्या दुकानदाराने ती परत केली तर हातात पुरावा काय? शिवाय परवाना नसलेल्या माणसाकडून परकीय चलन घेणं हा फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांचा कायदा, त्याचा भंग आहे आणि त्यात घेणाराही अडकतो. दोन रुपये वाचवायला हा धोका घेऊ नका, आमच्याकडे नाही आलात तरी चालेल, पण घेऊ नका.

पॅरिसच्या कपातीकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे झालंय. तुम्ही अभिप्रायासोबत पावतीचा फोटो टाकलाय. त्यावर युरोचा आकडा आहे आणि त्याखाली रुपयांचा आकडा आहे. रुपये छापलेत याचा अर्थ त्या दुकानाच्या मशिनने तिथेच, स्वतःच्या भावाने, युरोचे रुपये केले. कार्ड भारतातलं आहे हे मशीन ओळखतं आणि पडद्यावर दोन पर्याय दाखवतं, रुपये की युरो. रुपये ओळखीचे वाटतात, बोट तिकडे जातं. कधी काउंटरवरचा माणूसच आपल्या वतीने बटण दाबून मोकळा होतो. हा भाव खऱ्या भावापेक्षा पाच टक्के, कधी त्याहूनही चढा असतो. आणि तुमच्या कार्डात तर युरो भरलेले होते! मशिनने बिल रुपयांत पाठवलं, कार्डाला ते युरोतून भागवायचं होतं, म्हणून पुन्हा एकदा चलनबदल आणि पुन्हा शुल्क. एका खरेदीवर दोनदा फटका. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, ‘विथ कन्व्हर्जन’ की ‘विदाउट कन्व्हर्जन’. दर वेळी ‘विदाउट’ निवडायचं. नकार दिला तर पैसे मिळणार नाहीत असं पडद्यावरच्या भाषेवरून वाटतं, पण मिळतात.

ल्युसर्नची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक. पर्यटकांच्या बऱ्याच दुकानांत युरोची नोट घेतात, पण त्यांच्या भावाने, आणि सुटे फ्रँकमध्ये देतात. फक्त युरो भरलेलं कार्ड तिथे चालतं, पण प्रत्येक व्यवहारावर चलनबदलाचं शुल्क कापलं जातं. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशी सहल असेल तर त्याच कार्डात स्वित्झर्लंडच्या खर्चापुरते फ्रँक आधीच भरून घ्यायचे.

पुढच्या वेळेसाठी माझा सल्ला विचाराल तर खर्चाचा मोठा भाग कार्डात ठेवा. नोटा टॅक्सी, छोटी दुकानं आणि अडचणीपुरत्याच, त्याही लहान. युरोपात कित्येक ठिकाणी स्वच्छतागृहाला सुटे द्यावे लागतात, तिथे शंभराची नोट काय कामाची? कार्डाच्या पाकिटात दुसरं कार्ड येतं ते दुसऱ्या बॅगेत. पॅरिसची मेट्रो आणि रोमचं टर्मिनी स्टेशन खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहेत. कार्ड गेलं तर अ‍ॅपवरून जागच्या जागी बंद करता येतं, नोटांचं पाकीट गेलं की गेलंच. हॉटेलच्या अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर फॉरेक्स कार्डातली रक्कम बरेच दिवस अडकून राहते. आणि ते क्रेडिट कार्ड परदेशी वापरासाठी निघण्याआधीच चालू करून घ्या, तो पर्याय सहसा बंद असतो. आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चालतं, त्या भरवशावर सगळ्या पॅरिसभर फिरू नका.

तुमच्याकडे उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवून घेता येतात. त्यावरच्या असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत बदलून टाका. कार्डातली शिल्लकही परत मिळते, त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो.

पॅरिसची ती पावती मात्र जपून ठेवा. रुपयांचा पर्याय तुम्हाला न विचारता लावला गेला असेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराची तक्रार नोंदवता येते, कारण निवड कार्डधारकाची असली पाहिजे असा कार्ड कंपन्यांचा नियम आहे. अशा तक्रारीला मुदत असते, म्हणून उशीर नको. पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट घेऊन रविवार सोडून कधीही या. अर्ज आम्ही भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

— दुकानाचा मालक, पुणे